दाढ ठणकते, एक्स-रे स्वच्छ

रविवार, एप्रिल

मार्च एंडिंग संपलं. शाखेचा ताळेबंद हेड ऑफिसला गेला, ऑडिटरच्या शंकाही बऱ्यापैकी मिटल्या, लेकीची दहावी उरकली. आज दुपारी जेवताना डाव्या बाजूने भाकरीचा घास चावला आणि कळ आली नाही. म्हणून आजच लिहायला बसले. दुखणं गेलं की त्याचा तपशीलही जातो, आणि हा तपशील मला जपून ठेवायचा आहे.

जानेवारी संपता संपता सुरू झालं. खालची डावी दाढ सकाळी उठल्या उठल्या ठणकायची, गरम चहा लागला की सणक जायची, आणि शाखेत पोचून तासभर होईतो ओसरायची. दुसऱ्या दिवशी वरची दाढ. कधी वाटायचं, दाढ नाहीच, कान दुखतोय. बोट ठेवून ‘हीच’ असं सांगता येईना. सासूबाईंनी कापसाला लवंगेचं तेल लावून दिलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, अक्कलदाढ असेल, काढून टाक एकदाची. नणंद म्हणाली, रूट कॅनालशिवाय सुटका नाही.

हे म्हणाले, “अगं, तू रात्री दात खातेस. करकर आवाज येतो. हाका मारल्या तरी तुला जाग नाही.” त्यावर सासूबाई, “जंत झाले असतील.” माहेरीही कुणी पोर झोपेत दात खायला लागलं की हेच निदान व्हायचं आणि जंताचं औषध पाजलं जायचं. पण मी पंचेचाळिशीची बाई.

दातांच्या डॉक्टर मॅडमनी एक्स-रे काढला. कीड नाही, मुळाशी पू नाही, हिरडी चांगली. त्यांनी दाढेवर टकटक केली, थंड हवा मारून पाहिली. मग दाढ सोडून दिली आणि हातमोजा घातलेली दोन बोटं माझ्या गालावर, जबड्याच्या कोनाच्या जरा वर ठेवून दाबली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दाढेला कुणी हातही लावला नव्हता आणि दाढ ठणकत होती, अगदी रोज सकाळची तीच कळ. “हीच ना?” त्या म्हणाल्या. मला बोलता येईना, नुसती मान हलवली.

तिथे मॅसेटर नावाचा चावण्याचा स्नायू असतो. दात घट्ट आवळले की गालावर टणक गोळा हाताला लागतो, तोच. तो थकला, सुजला की त्याची वेदना दाढेत उमटते. कानशिलावरचा स्नायू तसाच, त्याची वेदना वरच्या दातांत आणि डोक्यात जाते. शिवाय दात हाडात चिकटलेला नसतो, बारीक तंतूंनी तोलून धरलेला असतो. रात्रभर दाब पडला की ते तंतू दुखावतात आणि सकाळी साधं चावलं तरी दात दुखतो. दिवसभरातलं खाणं-गिळणं सगळं धरलं तरी वरचे-खालचे दात एकमेकांना लागतात ते २० मिनिटांच्या आसपास. एरवी ओठ मिटलेले असतानाही दातांमध्ये २ ते ४ मिलिमीटरची फट हवी. माझी ती फट कित्येक महिने नाहीशी झाली होती.

त्याआधी एका दवाखान्यात ‘काही नाही, टेन्शन आहे’ असं ऐकून मी परत आले होते. ते वाक्य फार लागलं. टेन्शन आहे म्हणजे दुखणं नाही, असं थोडंच असतं? दिवसभर पोती उचलणाऱ्या माणसाची पाठ धरली तर त्याला कुणी ‘काही नाही’ म्हणत नाही. माझा जबडा रात्रभर राबत होता.

तो झोपेत का राबतो, हेही मॅडमनी समजावून दिलं. हलक्या झोपेत मेंदू मधूनच क्षणभर अर्धवट जागा होतो, आधी हृदयाचे ठोके वाढतात, मग जबडा आवळला जातो. आपल्याला पत्ता नसतो. ताण असला की हे वाढतं, पण ताण हे एकच कारण नाही. त्यांनी विचारलं, घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, नैराश्यावरची काही औषधं चालू आहेत का, चहा-कॉफी किती, तंबाखू-मिश्री? काही गोळ्यांनीही दात आवळले जातात म्हणे. माझं उत्तर एकच होतं, चहा, आणि तोही शाखेत संध्याकाळी उशिरापर्यंत.

मग माप घेतलं. थंडगार गुलाबी लगदा भरलेला साचा तोंडात, नाकाने श्वास घ्या, हलू नका. पुढच्या वेळी माझ्या दातांचा प्लास्टरचा नमुना त्यांनी माझ्या हातात दिला. वरचा सुळा टोकदार असायला हवा, माझा सपाट झाला होता, कानशीने घासल्यासारखा. मॅडमनी खालचा नमुना बाजूला सरकवून त्यावर टेकवला, तर दोन्ही सपाट जागा तंतोतंत जुळल्या. दिवसा जेवताना जबडा एवढा बाजूला जात नाही. ही झीज रात्रीची. दातावरचं कवच हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, आणि एकदा झिजला की पुन्हा येत नाही. ते प्लास्टर हातात धरून मला स्वतःची फार दया आली.

नाइट गार्ड मिळाला. कडक, पारदर्शक, वरच्या दातांवर बसणारा. पहिले काही दिवस तोंडाला सारखी लाळ सुटायची. आता तो नसला तर चुकल्यासारखं होतं. सकाळी मऊ ब्रशने गार पाण्याखाली धुवायचा, गरम पाण्याने वाकडा होतो. त्याने दात आवळणं थांबत नाही, हे मॅडमनी आधीच स्पष्ट सांगितलं. दाब वाटला जातो आणि झीज प्लास्टिकवर होते, एवढंच. झोपण्याआधी गालावर ओल्या टॉवेलचा शेक, चिक्की, फुटाणे, सुपारी बंद, चार वाजल्यानंतर चहा नाही.

खरी मेहनत दिवसाची. मॉनिटरच्या कडेला मी एक हिरवी चिकटपट्टी लावली आहे. नजर गेली की तपासायचं: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. त्या पट्टीने मला काय काय दाखवलं! वसुलीचा फोन लावताना दात आवळलेले. कॅश टॅली होत नसताना आवळलेले. हेड ऑफिसचा नंबर मोबाइलवर दिसला की आवळलेले. घरी येताना स्कूटीवर आवळलेले. लेक अभ्यासाला बसली आहे आणि मी पोळ्या लाटते आहे, तेव्हासुद्धा. मी कधी कुणावर आवाज चढवत नाही, ‘मॅडम किती शांत’ असं ग्राहक म्हणतात. ती शांतता माझ्या दाढांनी पेलली होती.

गार्ड माझ्या खर्चाने झाला, पण शाखेतल्या बदलून गेलेल्या क्लार्कची जागा अजून भरलेली नाही आणि तिचं टेबल मीच सांभाळते. मार्चच्या मध्याला मी साहेबांना लेखी दिलं, की दोन टेबलं एका माणसाकडून होणार नाहीत. बोलताना आवाज थरथरला, तरी बोलले. तात्पुरता माणूस मे महिन्यात देतो म्हणाले आहेत. दिला नाही तर पुन्हा लेखी देईन.

आमची कॅशियर कानशील चोळत बसते, डोकेदुखीची गोळी घेऊन काउंटर उघडते. शुक्रवारी म्हणाली, “ताई, माझीही दाढ काढायची ठरलीय.” मी तिला आत नेलं, म्हटलं दात आवळ, आणि तिच्या गालावर बोटं ठेवली. टणक गोळा. माझं बोट लागताच ती कळवळली. दाढ खरंच किडलेली असू शकते, ते पाहणं माझं काम नाही. पण काढण्याआधी मॅडमना एकदा दाखव म्हटलं, आणि तिच्यासमोरच फोन लावून बुधवारी संध्याकाळची वेळ घेतली.