मुळीकांच्या चित्रातली सावली

आजचा दिवस मिलिंद मुळीक यांच्या चित्रांतल्या सावल्या निरखण्यात गेला. चित्रकार प्रताप मुळीक यांचे चिरंजीव, शिक्षणानं इंजिनिअर, राहणं पुण्यात, आणि हातात पारदर्शक जलरंग. यात ऊन म्हणजे कोरा सोडलेला कागद. त्या उन्हाला खरं करते ती सावलीच!

भिंतीवरची सावली एका दमात लावावी लागते. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कॉटन कागद, बोर्ड साधारण १५ अंश तिरका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आधीच भरपूर कालवून ठेवा. मध्येच रंग संपला की कड वाळते. खालचा थर पूर्ण सुकलेला हवा. हाताच्या पाठीला गार लागला तर ओल आहे. मग मोठा गोल ब्रश भरून वरून खाली, कडेला साचलेला रंग पुढे ओढत न्यायचा. ओलं असतानाच जमिनीजवळ सिएना वाढवा, जमिनीवरून भिंतीवर उसळलेलं ऊन तिथं दिसतं.

अर्धवट सुकलेल्या थराला पाणीदार ब्रश टेकवला की पाणी रंगकण ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. तो लगेच पुसायला गेलात तर चिखलच. आणि वाळल्यावर रंग फिका पडतो, म्हणून सावली लावताना जरा जास्तच गडद वाटली पाहिजे.