दोन इकडे, दोन तिकडे

मागच्या महिन्यात, नागपूरचे ऊन ऐन भरात असताना, धाकट्या बहिणीच्या मानेवाड्यातल्या घरी एक घरगुती बैठक भरली. भाच्याची दहावीची परीक्षा संपली होती आणि त्याला ‘नीट’च्या दोन वर्षांच्या क्लासला घालायचे की नाही, हे ठरवायचे होते. आदल्या दिवशी घरातली सगळी मंडळी त्या क्लासचे डेमो लेक्चर पाहून आली होती. कूलरच्या वाऱ्याने फीचे पत्रक उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा गडवा ठेवला होता आणि त्याच्या ओल्या बुडाचा गोल डाग नेमका दुसऱ्या हप्त्याच्या आकड्यावर उमटला होता. बहीण आणि तिचे सासरे क्लासच्या बाजूने होते. जावई आणि त्यांचे थोरले भाऊ विरोधात. तासभर बोलून झाल्यावर जावई माझ्याकडे वळून म्हणाले, “दादा, आता तुम्हीच सांगून द्या. दोन इकडे, दोन तिकडे झाले.”

मला चटकन उत्तर देता आले नाही, कारण जवळजवळ हेच वाक्य मी आधी वाचले होते. ते प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘लॅकीस’ या संवादात आहे. प्लेटोचे नाव निघाले की लोक ‘रिपब्लिक’कडे किंवा सॉक्रेटिसच्या विषाच्या पेल्याकडे वळतात, हा लहानसा संवाद मात्र क्वचितच कोणी वाचतो. मला तो फार जवळचा वाटतो, कारण त्याची सुरुवात मुलांच्या शिक्षणाची काळजी करणाऱ्या दोन बापांपासून होते.

लायसिमॅकस आणि मेलेसियस ही त्या दोघांची नावे. दोघेही नामांकित बापांचे मुलगे. लायसिमॅकसचा बाप अ‍ॅरिस्टायडिस न्यायप्रियतेसाठी अथेन्सभर ओळखला जाई, आणि मेलेसियसचा बाप थ्युसिडिडिस (इतिहासकार नव्हे, त्याच नावाचा दुसरा) अथेन्सचा नेता पेरिक्लिस याचा राजकारणातला मोठा प्रतिस्पर्धी होता. लायसिमॅकस आरंभीच एक अवघड कबुली देतो: आमचे वडील गावाचे प्रश्न सोडवण्यात गुंतले आणि आम्हाला मोकाट सोडून दिले, त्यामुळे मुलांना आजोबांचे पराक्रम सांगता येतात, पण स्वतःचे सांगण्यासारखे आमच्याजवळ काहीच नाही. इतक्या उघडपणे आपले रितेपण मान्य करणारा बाप मला साहित्यात फारसा भेटलेला नाही.

संपूर्ण चिलखत घालून लढण्याची विद्या शिकवणाऱ्या स्टेसिलाउस नावाच्या शिक्षकाचे प्रात्यक्षिक ते नुकतेच पाहून आले आहेत आणि मुलांना ती विद्या शिकवावी का, हे विचारण्यासाठी त्यांनी निकियस आणि लॅकीस या दोन सेनापतींना सोबत आणले आहे. निकियस अनुकूल आहे: अंगाला व्यायाम होतो, रांग मोडल्यावर एकट्याने लढताना उपयोग होतो आणि पुढे युद्धशास्त्राची गोडी लागते. लॅकीसला ते पटत नाही. याच स्टेसिलाउसला त्याने जहाजावर खऱ्या लढाईत पाहिले होते. त्याच्या भाल्याला विळ्याचे पाते जोडलेले होते. ते शेजारून जाणाऱ्या जहाजाच्या दोरखंडांत अडकले आणि हा गृहस्थ भाल्याचा दांडा धरून, तो हातातून सरकत जात असताना, आपल्या जहाजाच्या कडेने धावत सुटला. शेवटी कोणीतरी पायाशी दगड फेकला तेव्हा त्याने दांडा सोडला आणि दोन्ही जहाजांवरच्या लोकांना हसू आवरेना. या प्रसंगाने लॅकीसचा स्वभाव पुरता कळतो: माणसाला शब्दांवरून जोखायचे नाही, वेळ आल्यावर तो काय करतो त्यावरून जोखायचे.

मते समान झाल्यावर लायसिमॅकस तिथेच असलेल्या सॉक्रेटिसला, म्हणजे प्लेटोच्या गुरूला, निर्णायक मत देण्याची विनंती करतो. सॉक्रेटिस मत देत नाही. तो विचारतो, मुलाला स्पर्धेसाठी तयार करायचे असेल तर जास्त लोक काय म्हणतात ते ऐकाल, की चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेल्या एका माणसाचे ऐकाल? त्यानंतर तो डोळ्यांच्या औषधाचे उदाहरण देतो. डोळ्यांत औषध घालावे की नाही याचा विचार करणारा माणूस खरे तर औषधाचा नव्हे, डोळ्यांचा विचार करत असतो. चिलखताच्या विद्येचेही तसेच: ती ज्याच्यासाठी शिकायची, ते मुलांचे मन कसे घडावे, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे?

मी बैठकीत हे डोळ्यांच्या औषधाचे उदाहरण सांगितले. जावई थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पण सोमवारी पहिला हप्ता भरायचा आहे, दादा.” त्यांचे म्हणणे मला अजिबात गैर वाटत नाही. या संवादांतले प्रश्न आरामखुर्चीत बसून सुचलेले नाहीत; कोणीतरी काहीतरी करून टाकण्याच्या बेतात असताना ते विचारले जातात. ‘युथिफ्रो’मध्ये एक माणूस स्वतःच्या बापावर खुनाचा खटला भरायला न्यायालयाच्या दारात उभा असतो, म्हणून ‘धर्माचरण म्हणजे काय’ हा प्रश्न तिथे निघतो. तिथली घाई काढून टाकली, तर प्रश्नाचा जीवच जातो.

पुढे ‘धैर्य म्हणजे काय’ यावर बोलणे सुरू होते, आणि इथे संवादाचा कस लागतो. लॅकीस म्हणतो, जागा न सोडता शत्रूशी लढणे. सॉक्रेटिस त्याला प्लाटियाच्या रणांगणावर आधी मागे हटून मग उलटलेल्या स्पार्टन सैनिकांची आठवण देतो, आणि समुद्रावर, आजारपणात, दारिद्र्यात, एवढेच नव्हे तर मोहाशी झुंजतानाही धैर्य लागतेच ना, असे विचारतो. लॅकीस मग धैर्याला मनाचा चिवटपणा म्हणतो. पण मूर्खपणाचा चिवटपणाही असतो, हे त्याला लगेच मान्य करावे लागते. तेव्हा तो चिडून म्हणतो की धैर्य काय ते मला कळते असे वाटते, पण ते कसे कोण जाणे निसटून गेले आणि शब्दांत धरता येईना. हा तोच लॅकीस, ज्याने इ. स. पू. ४२४ मध्ये डेलियमच्या लढाईतल्या अथेन्सच्या पराभवानंतर सॉक्रेटिसच्या सोबतीने माघार घेतली होती आणि त्याचे धैर्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. धैर्य त्याच्या शेजारी चालत होते, तरी त्याला ते सांगता येत नाही.

निकियसची व्याख्या अधिक सुबक आहे: कशाची भीती बाळगावी आणि कशाची नाही, याचे ज्ञान म्हणजे धैर्य. मग भविष्य सांगणारे ज्योतिषी शूर म्हणायचे का, असा टोला लॅकीस मारतो. सॉक्रेटिसही बोलण्याच्या ओघात म्हणून जातो की कायदा सेनापतीला ज्योतिष्याच्या वर ठेवतो, ज्योतिष्याला सेनापतीच्या वर नाही.

हे वाक्य मी प्रत्येक वेळी थांबून वाचतो. प्लेटोने हा संवाद लिहिला तेव्हा दोन्ही सेनापती हयात नव्हते आणि त्यांचा शेवट अथेन्समधल्या वाचकांना पाठ होता. लॅकीस इ. स. पू. ४१८ मध्ये मँटिनियाच्या लढाईत पडला. निकियसची गोष्ट त्याहून करुण आहे. इ. स. पू. ४१३ च्या ऑगस्टमध्ये सिसिलीत अडकलेले अथेन्सचे सैन्य माघारीच्या तयारीत असताना चंद्रग्रहण लागले. बरेचसे सैनिकही घाबरले, आणि शकुनांवर जास्तच विश्वास ठेवणाऱ्या निकियसने ज्योतिष्यांनी सांगितलेले त्रिवार नऊ दिवस उलटेपर्यंत हलायचे नाही असे ठरवले. त्या खोळंब्यात सुटकेची वाट बंद झाली, सैन्य नष्ट झाले आणि निकियसला शत्रूने ठार केले. कशाला भ्यावे याचे ज्ञान म्हणजे धैर्य, ही व्याख्या प्लेटोने अशा माणसाच्या तोंडी घातली आहे. तो निकियसची टर उडवतो आहे, असे मला वाटत नाही. व्याख्या बरीचशी बरोबर असू शकते आणि तरीही ती उच्चारणाऱ्याला प्रसंगी तारत नाही, ही गोष्ट तो अत्यंत हळुवारपणे आपल्यासमोर ठेवतो.

संवाद निष्कर्षाविना संपतो. धैर्य सापडले नाही, असे सॉक्रेटिस सांगतो आणि आपल्या सगळ्यांनाच शिक्षकाची गरज आहे, असे सुचवतो. म्हातारा लायसिमॅकस म्हणतो, उद्या पहाटे माझ्या घरी ये.

आमच्या बैठकीत मीही मत दिले नाही. भिंतीला टेकून बसलेल्या भाच्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, मला बायोलॉजी आवडते. डॉक्टर व्हायचे की नाही, ते मला अजून माहीत नाही.” सोमवारी पहिला हप्ता भरला गेला.

‘लॅकीस’मध्ये ती दोन मुले शेवटपर्यंत तिथेच असतात, पण त्यांच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येते: तुम्ही ज्याची स्तुती करता तो सॉक्रेटिस हाच का, असे बापाने विचारल्यावर ती ‘होय, हाच’ म्हणतात. लायसिमॅकसच्या मुलाचे नाव आजोबांचेच, अ‍ॅरिस्टायडिस. ‘थिएटेटस’ या संवादात ते नाव पुन्हा येते. तिथे सॉक्रेटिस आपल्या कामाची तुलना आपल्या आईच्या सुईणपणाशी करतो आणि सांगतो की काही तरुण वेळेआधीच सोडून गेले, वाईट संगतीने त्यांच्या पोटातले विचार वाया गेले. त्यांतला एक लायसिमॅकसचा मुलगा अ‍ॅरिस्टायडिस. असे तरुण परत येऊन विनवण्या करतात, तेव्हा काहींना पुन्हा जवळ घेता येते आणि काहींना नाही. अ‍ॅरिस्टायडिसचे यांतले काय झाले, ते प्लेटो सांगत नाही.