चाकोरीतले पाणी: पुरंदरच्या पाणंदींवरचे एक वर्ष

शेतवाटांवर मोटरसायकली चालवणाऱ्या आणि त्या वाटांची दुरुस्ती करणाऱ्या आमच्या गटाचे वर्ष खंडेनवमीला सुरू होते. त्या दिवशी सासवडजवळच्या एका शेतघरी मोटरसायकली धुऊन उभ्या केल्या जातात आणि त्यांच्यापुढे कुदळी, पहारी, फावडी, घमेली व कोयते मांडून सगळ्यांची पूजा एकत्रच होते. नव्याने आलेल्या मुलांना हे थोडे विनोदी वाटते. पण गेल्या वर्षी आम्ही अठरा रविवार पुरंदर तालुक्यात घालवले आणि त्यांपैकी अकरा रविवारी गाडीपेक्षा कुदळच अधिक चालली, हा हिशेब कानावर पडला की त्यांचे हसू मावळते.

आम्ही पुण्यातील बावीस जण आहोत. कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत शिकवते, दोघांची स्वतःची गॅरेजे आहेत. वर्गणीतून जमणारा पैसा हत्यारे आणि ट्रॅक्टरचे भाडे यांवर संपतो. बहुतेकांकडे एक्सपल्स २०० ही मोटरसायकल आहे, तिघांकडे जुनी ४११ सीसीची हिमालयन. दोन्हींचे पुढचे चाक २१ इंची असल्याने दगडगोट्यांवरून ते सारखेच चढते. परंतु एक्सपल्सचे वजन १६० किलोच्या आतबाहेर आणि हिमालयनचे २०० किलोच्या घरात असल्यामुळे चढावर आडवी झालेली गाडी एकट्याने उचलायची वेळ आली की हा चाळीस किलोंचा फरक कंबरेला बरोबर कळतो. नवी गाडी घेणाऱ्याने एवढे एकच लक्षात ठेवावे, बाकीची चर्चा चहाबरोबर होत राहते.

आम्ही ज्या वाटांवर जातो त्या म्हणजे पाणंदी आणि शिवरस्ते. पाणंद ही शेताशेतांच्या बांधांमधून, घाणेरी-निवडुंगाच्या कुंपणांतून जाणारी वाट, तर शिवरस्ता दोन गावांच्या शिवेवरून जाणारा. जुन्या गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवतात आणि तो सव्वाआठ फुटांचा असतो. एकेरी रेषेच्या वाटेवर चाक घालायचे नाही, हा आमचा पहिला नियम आहे. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार एखाद्या शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून स्वतःच्या शेतात जाण्यास रस्ता देऊ शकतात. असा रस्ता जागेवर पाणंदीसारखाच दिसतो. पण तो त्या शेतकऱ्याला शेती करता यावी म्हणून दिलेला असतो, रविवारी हौसेने येणाऱ्यांसाठी नव्हे. त्यामुळे फोनमधल्या उपग्रहचित्रात रेघ दिसली म्हणून तिच्यावरून निघू नये. शासनाच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर जमिनीच्या गटांच्या हद्दी पाहाव्यात, तलाठ्याकडे गावनकाशा पाहावा, ग्रामपंचायतीत जाऊन आपण कोण, किती जण आणि कशासाठी येणार हे सांगावे, आणि एवढे सगळे झाल्यावरही पहिल्या वस्तीवर थांबून विचारावे. कागद कितीही पक्का असला, तरी गावातली संमती मिळते ती या शेवटच्या विचारण्यातूनच, असा आमचा अनुभव आहे.

पुरंदरमध्ये सध्या या सावधगिरीला आणखी एक कारण आहे. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, उदाचीवाडी आणि वनपुरी या सात गावांत विमानतळाच्या भूसंपादनावरून लोकांच्या मनात मोठी अस्वस्थता आहे. हातात मोजपट्टी, हँडलवर नकाशा आणि हेल्मेटवर कॅमेरा घेतलेले अनोळखी लोक शेतात दिसले की ते मोजणीचेच वाटणार, यात गावकऱ्यांचे काही चुकत नाही. आम्ही या गावांच्या हद्दीत वर्षभर राइड काढली नाही, ड्रोन तर घरीच ठेवला. महात्मा फुल्यांच्या घराण्याचे गाव म्हणून खानवडीला ज्यांना जायचे असेल, त्यांनी डांबरी रस्त्याने जावे.

ऑक्टोबरची पहिली राइड सासवडहून सोनोरीकडे होती. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास बांधलेला मल्हारगड या गावाच्या डोक्यावर आहे. गाड्या पायथ्याशी ठेवून गडावर पायी जावे; गडाच्या वाटेवर चाकांच्या खुणा दिसतात, त्या आपल्या असू नयेत. परतीच्या वाटेवर आम्हांला ओल्या काळ्या मातीने अर्धा दिवस अडवले. पुरंदर पर्जन्यछायेत आहे, म्हणून परतीच्या पावसानंतर दोन दिवसांत वाट वाळेल असा आमचा अंदाज होता. मुरमाचा भाग वाळलाही होता. परंतु ओढ्याकाठच्या सखल तुकड्यात काळी माती चाकाला वेढत गेली, मडगार्डखाली घट्ट बसली आणि चार गाड्यांची पुढची चाके फिरेनाशी झाली. काड्यांनी माती कोरून काढण्यात वेळ गेला हे ठीक, पण मागे वळून पाहिले तेव्हा वाटेच्या मधोमध वीतभर खोल चार चाकोऱ्या पडलेल्या होत्या. त्या वाळल्यावर दगडासारख्या झाल्या आणि पंधरवड्यानंतर आम्हीच जाऊन त्या फोडून सपाट केल्या. टाच रोवून पाहावी; बुटाचा ठसा अर्ध्या इंचाहून खोल उमटत असेल तर त्या दिवशी त्या वाटेने जाऊ नये. ही कसोटी आम्ही तेव्हापासून पाळतो.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे भटकणाऱ्या कुटुंबांचे तांडे, मेंढ्या घेऊन बाहेर पडतात आणि पाणंदींवर त्यांची गाठ हमखास पडते. समोरून कळप आला की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचे, हेल्मेट काढायचे आणि शेवटचे घोडे पुढे जाईपर्यंत थांबायचे, हे आम्ही सगळ्यांना बजावून सांगतो. तरीही नोव्हेंबरात आमच्यातल्या एकाने इंजिन चालूच ठेवले आणि वळणावर थोडा एक्सलरेटर दिला. पुढच्या मेंढ्या बिचकल्या, कुंपणाच्या फटीतून कांद्याच्या वावरात शिरल्या आणि त्यांच्यामागे सगळा कळप. मालक धावत आले. "मेंढरांना काय कळतंय, तुम्हांला तर कळायला पायजेल होतं," एवढेच ते म्हणाले. नुकसानभरपाई दिली, ती त्यांनी घेतलीही. पण त्या पाणंदीवर आम्ही पुन्हा गेलो ते तीन महिन्यांनी, आणि तेही त्यांच्या कुंपणाला नव्या काट्या लावून देण्यासाठी.

हिवाळ्यात आमचे राइडचे क्षेत्र आम्ही आपणहून कमी करतो. सासवड ते सुपे पट्ट्यातील माळ पाहणाऱ्याला ओसाड वाटतात. प्रत्यक्षात ते लांडगा, तरस आणि खोकड यांचे घर आहे, आणि लांडग्यांची पिल्ले याच दिवसांत बिळांत असतात. मोकळ्या माळावर वाटेल तिथे गाडी फिरवण्याचा मोह मलाही होतो, हे कबूल करतो. परंतु माळावरचा मातीचा थर इतका पातळ असतो की एकदा गवताची मुळे उखडली की खालचा मुरूम अनेक पावसाळे उघडा राहतो. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे पाच चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या कडेच्या वाटा जवळच्या म्हणून कोणी सुचवल्या तरी घेऊ नयेत. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे आणि वनखात्याचे हद्दीचे दगड गवतात लपलेले असतात, त्यामुळे "दिसले नाही" हा बचाव चालत नाही. त्या महिन्यांत आम्ही राजेवाडी, माळशिरस, भुलेश्वर या बाजूला वापरातल्या गाडीवाटांवरूनच फिरलो. भुलेश्वरच्या डोंगरावरून यवतकडील सपाटी आणि अलीकडचा पुरंदर एकाच वेळी दिसतो, तेवढ्यासाठी तरी सकाळी नऊच्या आत वर पोहोचावे. सोमवती अमावस्या आणि चंपाषष्ठीच्या सुमारास मात्र जेजुरीकडचा कोणताही बेत आखू नये.

फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत भीती वणव्याची. तापलेला सायलेन्सर वाळल्या गवताला लागला तर पेट घ्यायला काही क्षण पुरतात, म्हणून गाडी उभी करायची ती उघड्या मुरमावर किंवा दगडावरच. प्रत्येकाजवळ तीन लिटर पिण्याचे पाणी आणि दोघांत मिळून पाच लिटर वेगळे पाणी असे आम्ही ठेवतो. याच दिवसांत वेड्या बाभळीचे काटे सर्वांत जास्त पंक्चर करतात. खडकाळ वाटेवर पकड मिळावी म्हणून आम्ही पुढच्या टायरात २० आणि मागच्यात २२ पीएसआय हवा ठेवतो. त्याहून कमी केली तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटून फाटते. पुढच्या चाकाची अधिकची ट्यूब, टायर लिव्हर, पॅच, हातपंप आणि क्लच केबल एवढे सामान प्रत्येक गाडीवर हवेच. सायलेन्सर कंपनीचा मूळचाच असावा. आवाज करणारी एक गाडी बाकी एकवीस जणांची वर्षभराची ओळख पुसून टाकते.

आता कामाबद्दल, कारण आमचे खरे शिक्षण तिथे झाले. वाट चाकांनी खराब होते हे अर्धेच खरे आहे. चाके चाकोरी पाडतात. पहिल्या पावसाचे पाणी ती चाकोरी पकडते, उतारावर वेग घेते आणि दोन पावसाळ्यांत तिची गुडघाभर घळ होते. म्हणजे दुरुस्ती करायची ती पाण्याची. हे आम्ही वाचले होते, म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मोठ्या उत्साहाने एका चढावर फूटभर रुंद आणि तेवढ्याच खोल सहा आडव्या चरी खणल्या. मोटरसायकली त्यांवरून सहज उड्या मारत गेल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे चाक मात्र पहिल्याच चरीत आदळले आणि आठवड्याभरात शेतकऱ्यांनी सहाही चरी दगड टाकून बुजवल्या. ते बरोबरच होते.

गेल्या मे महिन्यात त्याच चढावर आम्ही निराळे काम केले. चरीऐवजी चार-पाच मीटर लांबीचा पसरट खोलगटपणा आणि त्याच्या खालच्या अंगाला तेवढाच पसरट उंचवटा करायचा; खोली मधोमध वीतभर ते फूटभर; आणि हा सगळा भाग वाटेला काटकोनात न ठेवता उताराच्या बाजूला तिरका काढायचा, म्हणजे पाणी गाळ मागे न ठेवता कडेला निघून जाते. बैलगाडी आणि ट्रॅक्टर त्यावरून नुसते डुलतात. तीव्र चढावर असे खोलगट वीस मीटरांवर एक, मध्यम चढावर चाळीस-पन्नास मीटरांवर एक, हे अंतर आम्हांला जमले. सहा माणसांची एक सकाळ, म्हणजे एक खोलगट. वळवाची पहिली सर येऊन गेल्यावर हे काम काढावे. माती नरम असते आणि पाणी कुठून गेले त्याच्या रेषाही ताज्या असतात. मुरूम लागतो, पण तो गायरानातून खणून घेऊ नये. तो गौण खनिजात मोडतो आणि परवानगीशिवाय काढता येत नाही. आम्ही पावतीसह विकत घेतो.

यातही एक चूक झालीच. तिसऱ्या खोलगटाचा सांडवा आम्ही जिथे सोडला, तिथून पाणी थेट खालच्या बांधावर उतरत होते. जूनअखेरीस पालखी सासवडहून पुढे गेल्यावर आम्ही छत्र्या घेऊन पायीच पाहणीला गेलो, तेव्हा बांधाला हातभर खिंडार पडलेले होते आणि शेजारचे तात्या तिथे उभे राहून आमचीच वाट पाहत होते.

"तात्या, आमचंच चुकलं. उद्या येऊन भरून देतो."

"भराल वो. पण पाणी तर येणारच की. वर त्या हिवराच्या बुडाला सोडा, तिथं आमच्या आज्यानं दगड लावल्यात."

हिवराच्या झाडाखाली झुडपांत खरोखरच जुने दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगड, होते, आणि वाटेचे पाणी पूर्वी तिथूनच ओढ्याला जात असावे असे त्याच्या उतारावरून दिसत होते. आम्ही मे महिन्यात त्याच दगडांवर बसून डबे खाल्ले होते. आता कुदळ मारण्यापूर्वी वाटेच्या दोन्ही बाजूंच्या शेतमालकांना जागेवर बोलावून सांडवा कुठे सोडायचा ते त्यांनाच ठरवू देतो.

जून ते सप्टेंबर वाटा बंद ठेवून भर पावसात पायी केलेली पाहणी ही मी प्रत्येक गटाला आग्रहाने सुचवीन. जुलैतल्या एका तासात वाटेबद्दल जे कळते, ते कोरड्या दिवसांतल्या दहा राइडमध्ये कळत नाही. त्याच पाहणीत लक्षात आले की आमच्या आवडीच्या एका पाणंदीवर खडी पडली आहे. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये सुरू झाली आणि अशा वाटा पक्क्या होत जाणार. काही जण हळहळले. पण ज्या वाटेवरून अंजिराची पाटी डोक्यावर घेऊन चिखलातून यावे लागत होते, तिथे आता टेम्पो येतो, तेव्हा ही हळहळ चारचौघांत बोलून दाखवण्यासारखी नाही.

या दसऱ्यानंतर येणाऱ्यांसाठी स्थिती अशी आहे: सोनोरीकडील मुरमाची वाट चांगली असून ओढ्याकाठचा काळ्या मातीचा तुकडा नोव्हेंबरपर्यंत टाळावा. तात्यांच्या चढावरचे चार खोलगट पावसाळ्यात टिकले. पाचव्याचा उंचवटा ट्रॉलीखाली बसला आहे, तिथे गाडी हळू घ्यावी. हिवराखालच्या सांडव्याला अजून दोन ट्रॉल्या दगड लागणार आहेत आणि तेवढे काम होईपर्यंत खालचा अर्धा किलोमीटर आम्ही बंद ठेवला आहे. तिथून डावीकडे वळून डांबरी रस्त्याने फिरून यावे. दगड भरण्यासाठी हातमोजे आपापले आणावेत, पहारी आमच्याकडे आहेत.