तीन मार्कांची चेअर

परवा केमिस्ट्रीचे पेपर तपासताना एक उत्तर समोर आलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

हल्ली तपासणी स्क्रीनवर असते. हार्बरने वडाळ्याला उतरायचं, केंद्रावर जाऊन लॉगिन करायचं, की स्कॅन केलेली पानं सुरू. नाव नाही, नंबर नाही. पेन्सिलीच्या आकृत्या इतक्या फिकट येतात की निम्मे हायड्रोजन गायब! तीन वर्षं सांगतेय, कुणाला पडलेली नाही.

प्रश्न होता: तीन ते सहा कार्बनच्या सायक्लोअल्केन्समध्ये (म्हणजे कार्बनच्या रिंगांमध्ये) सर्वांत स्थिर कोणतं, कारण द्या. मॉडेल आन्सर: सायक्लोपेंटेन. का, तर पंचकोनाचा कोन १०८ अंश, म्हणजे कार्बनच्या बंधांमधल्या नैसर्गिक १०९.५ अंशांच्या सर्वांत जवळ. हे रसायनशास्त्रज्ञ बायरचं १८८५ सालचं गणित, त्यात सगळ्या रिंगा सपाट धरलेल्या. ठीक आहे, पण प्रश्नात 'बायरनुसार' हा शब्द तरी घालायचा!

या पोराने (की पोरीने, कोण जाणे) सायक्लोहेक्झेन, म्हणजे सहा कार्बनची रिंग, लिहिलं होतं. झूम केलं तर खाली चेअर, म्हणजे त्या रिंगेची खुर्चीसारखी मुडपलेली आकृती. आणि काय सुरेख! अ‍ॅक्झिअल बंध सरळ उभे, एक वर, एक खाली. इक्वेटोरिअल, म्हणजे बाजूला जाणाऱ्या, रेघा रिंगेतला एक बंध सोडून पुढच्या बंधाला समांतर. टी.वाय.ची मुलंही इथे काट्याकुट्या काढतात. शेजारी लिहिलेलं: रिंग सपाट नसतेच, ती मुडपते, म्हणून कोन ताणला जात नाही आणि शेजारचे हायड्रोजन समोरासमोर येत नाहीत. सपाट सायक्लोपेंटेनमध्ये ते येतात. वर ज्वलनाच्या उष्णतेचा पुरावा (उष्णता जितकी कमी, तितकी रिंग स्थिर): दर सीएचटूमागे सायक्लोपेंटेनची ६६४ किलोज्यूल, सायक्लोहेक्झेनची ६५९, सरळ साखळीइतकीच.

मॉडरेटर सरांना दाखवलं. "मॅडम, मॉडेल आन्सरला धरून चला. उगाच भानगड नको." माणूस वाईट नाही, पण इनऑरगॅनिकवाले, कार्बनच्या रिंगा हा त्यांचा विषय नाही. रसायनशास्त्रज्ञ साक्सेने १८९०मध्ये हीच चेअर मांडली तेव्हाही कुणी मनावर घेतलं नव्हतं. रेणूंच्या अशा आकारांवरच्या कामासाठी बार्टन आणि हासेलला नोबेल मिळालं १९६९ला.

मी तीनपैकी तीन दिले.

चहा घेताना आठवलं. सकाळपासून साठेक पेपर झाले होते. त्यांत 'सायक्लोहेक्झेन' लिहिलेले चार-पाच तरी होते. मॉडेल आन्सर बघून मीच शून्य टाकत गेले होते. त्यांच्या आकृत्या काढलेल्याच नव्हत्या की फिकट होत्या, आठवत नाही. सबमिट केलेला पेपर परत उघडत नाही.