भिगवणच्या पाण्यावर दोन सकाळी

पुण्याहून सोलापूर महामार्गाने साधारण १०० किलोमीटरवर भिगवण लागते आणि तिथून आत वळले की भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून असलेले कुंभारगाव येते. जानेवारीच्या अखेरीस रोहित (फ्लेमिंगो) आणि इतर पाणपक्ष्यांची छायाचित्रे काढायला मी तिथे एका मच्छीमार कुटुंबाच्या घरी मुक्काम केला. माझा कॅमेरा तीन महिन्यांचा आणि लेन्स साधी ७०-३०० मिमीची. पहिल्या सकाळी काढलेल्या सहाशेपैकी ठेवण्याजोगी चार छायाचित्रे निघाली. दुसऱ्या सकाळी त्याच्या निम्मीच काढली आणि चाळीसेक ठेवली.

पहिल्या दिवशी मी पुण्याहून उशिरा निघालो, नावेत बसेपर्यंत नऊ वाजून गेले. पाणी तापू लागले की त्यावरची हवा थरथरते आणि दूरचा पक्षी कितीही नेमका फोकस केला तरी पाण्यात बुडवून काढल्यासारखा विरघळलेला दिसतो, हे मला ठाऊक नव्हते. दुपारभर मी लेन्सला दोष देत होतो. शिवाय रोहितांचा थवा दिसताच मी नावेत उभा राहिलो. त्यामुळे नाव डोलली, क्षितिजे कलली आणि वरून खाली टिपलेले पक्षी मातकट पाण्याला चिकटल्यासारखे आले. शटरचा वेग १/२५० सेकंद होता, जो डोलत्या नावेतून पुरत नाही. मी आता बसलेल्या पक्ष्यासाठी १/१००० आणि उडणाऱ्यासाठी १/२००० च्या खाली जात नाही, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कॅमेऱ्यावर सोपवतो आणि छायाचित्रात थोडे दाणे दिसले तरी चालवून घेतो, कारण दाणे नंतर कमी करता येतात, हललेला पक्षी मात्र पुन्हा स्थिर होत नाही.

सर्वांत जास्त छायाचित्रे वाया गेली ती पांढऱ्या रंगामुळे. गडद पाण्यात लहानसा पांढरा पक्षी असला की कॅमेरा सगळ्या चौकटीचा हिशेब करतो, दृश्य अंधारे समजतो आणि ते उजळवतो. मग रोहिताची पाठ कागदासारखी कोरी होते आणि पिसांच्या कडा हरवतात. अशा वेळी एक्स्पोजर (छायाचित्राचा उजळपणा) उणे दोन-तृतीयांश ते उणे एक स्टॉपपर्यंत खाली आणावे. उजळ आकाशावर उडणाऱ्या घारीच्या बाबतीत नेमके उलट करावे लागते, नाहीतर हाती नुसती काळी आकृती येते. दर पाच-दहा छायाचित्रांनंतर हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला आदळलेला नाही ना, एवढे पाहिले तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच आम्ही काठावर होतो. नावाडी मामांना मी आदल्या रात्रीच सांगून ठेवले होते की थव्यात नाव घालायची नाही. त्यावर ते म्हणाले, "मग वाऱ्याच्या अंगानं लावू. पाखरू वाऱ्याकडं तोंड करूनच उठतंय." त्या सकाळी वारा आणि सूर्य दोन्ही पूर्वेकडून होते, म्हणून मामांनी लांबूनच इंजिन बंद केले आणि बांबूने रेटत नाव थव्याच्या पूर्वेला आणून थांबवली. मी नावेच्या तळाशी बसून कोपर काठावर टेकवले. तिपाई नावेत निरुपयोगी असते, ती घरीच ठेवावी.

तासभर काहीच घडले नाही, आणि तो तासच कामाचा ठरला. रोहित डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो, त्यामुळे बहुतेक वेळा छायाचित्रात पक्ष्याला डोकेच नसते. पण चार-सहा घास झाले की तो मान वर करतो, तेव्हा बटण दाबायचे. जवळच्या चिखलात शेकाटे हे लांब पायांचे पक्षी चरत होते. त्यांच्या गुलाबी पायांचे प्रतिबिंब मी आदल्या दिवशी सर्रास कापले होते, म्हणून आता पक्ष्याखाली जागा मोकळी सोडली. एवढ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला आणि थवा उठला. रोहित पाण्यावर लांब पावले टाकत धावतो, मग पंख उघडतो, आणि तोवर पांढरट वाटणारा पक्षी लालभडक आणि काळा होतो. अग्निपंख हे त्याचे दुसरे नाव तेव्हा पटते. सगळा थवा उजेड अंगावर घेत आमच्याच दिशेने येत होता. मी सलग फोकसवर (हलत्या पक्ष्यामागे फोकस सरकत राहतो ती सोय) एकच पक्षी धरून ठेवला, अख्खा थवा टिपायचा मोह आवरला.

शेजारच्या नावेतले लोक कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव-गाठिया फेकत होते. तशी छायाचित्रे सहज मिळतात, पण सगळी एकसारखी, चोच वासलेली. आणि ते पक्ष्यांचे अन्नही नव्हे. थवा मुद्दाम उठवायला सांगणारेही भेटतात. नावाड्याला आधीच स्पष्ट सांगितले तर तो तसे करत नाही, आणि अशा शांत फेरीला वेळ जास्त लागतो म्हणून त्याचे पैसेही तसे ठरवावेत.

निघण्यापूर्वी ओळखीच्या नावाड्याला फोन करून पाणी किती उतरले आहे ते विचारावे. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असताना रोहितांना उभे राहायला उथळ जागाच नसते. पाणी सोडत गेल्यावर चिखल उघडा पडतो आणि जानेवारी ते मार्च हा काळ साधतो. सोबत जादा बॅटरी, कॅमेऱ्यावर घालायला प्लास्टिकची पिशवी आणि पहाटेच्या गारठ्यासाठी कानटोपी असावी. दहाच्या सुमारास काठाला यावे. तोवर घरोघरी चिलापी माशाचे कालवण आणि भाकरी तयार असते.