वर्कशीट्स विकायच्या होत्या, अडकले एका रकान्यात

गेल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये परत तोच विषय निघाला, पगारात भागत नाही, शाळेबाहेर काहीतरी केलं पाहिजे, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या कारण मी ते करून बसलेय. "मॅडम, सुरू करायला किती वेळ लागला?" वर्कशीट्स बनवणं, साईटवर चढवणं, बँक खातं जोडणं सगळं मिळून फार तर तीन आठवडे. आणि शाळेकडून परवानगीचा एक कागद मिळवायला ७१ दिवस. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते, कोणाचे तरी ७१ चे १० झाले तरी खूप झालं.

मी तिसरी-चौथीला गणित शिकवते. अपूर्णांक आले की दरवर्षी तेच, १/३ मोठा की १/४ मोठा विचारलं की अर्धा वर्ग १/४ म्हणतो, कारण ४ मोठा ना. त्यासाठी मी एकाखाली एक सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या छापलेलं पान बनवलं होतं, वरच्या पट्टीचे तीन भाग, खालचीचे चार, मुलांनी एकेक भाग रंगवायचा आणि मग उत्तर लिहायचं. रंगवता रंगवता मुलं स्वतःच "अरे!" म्हणतात. हे पान शेजारच्या वर्गाने मागितलं, मग दुसऱ्या शाळेतल्या मैत्रिणीने, मग तिच्या मैत्रिणीने, तेव्हा डोक्यात आलं की याचे पैसे मिळू शकतात.

शिक्षकांनी बनवलेलं साहित्य शिक्षकांनाच विकायचं हा प्रकार नवा नाहीये. टीचर्स पे टीचर्स ही साईट न्यूयॉर्कच्या एका शिक्षकाने २००६ मध्ये सुरू केली होती, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका बालवाडीच्या बाईंची तिथली कमाई १० लाख डॉलरच्या वर गेल्याची बातमी सगळीकडे झाली होती. तसं काही आपलं होईल असं मला कधी वाटलं नाही, पण महिन्याला हाताशी थोडे जास्तीचे पैसे असावेत एवढं वाटत होतं.

बाकीचे पर्याय पण बघितले होते. ट्यूशन आधीच बाद, कारण कित्येक ठिकाणी नोकरीतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला कायद्यानेच नाहीतर नोकरीच्या नियमाने बंदी असते, तुमच्याकडे काय आहे ते आधी बघा. यूट्यूब चॅनलचा विचार खूप केला. तिथे जाहिरातींचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचा वॉचटाइम लागतो, शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेलं त्या ४००० तासांत धरत नाहीत. त्यात व्हिडिओ लहान मुलांसाठी आहे असं लिहिलं (आणि तसा असेल तर लिहावंच लागतं) की कमेंट बंद आणि बघणाऱ्याच्या आवडीप्रमाणे दिसणाऱ्या जाहिराती पण बंद. तिसरी-चौथीच्या गणिताला हे गणित जमेना. मोठ्या वर्गांना शिकवत असाल तर जरूर करा. पेपर तपासणं आणि प्रकाशकांसाठी प्रश्न काढणं ही दोन कामं मात्र मी अजूनही सगळ्यांना सांगते, मेहनतीचे पैसे मिळतात आणि स्वतःचं शिकवणंही सुधारतं, बहुपर्यायी प्रश्नाला पटण्यासारखे चुकीचे पर्याय लिहायला लागलात की मुलं कुठे घसरतात ते तुम्हाला आधीच दिसायला लागतं.

तर मी वर्कशीट्स ठरवल्या आणि ४० पानांचा संच तयार केला. नियमाने जायचं म्हणून आधी शाळेच्या ऑफिसात गेले. तिथल्या काकांनी एक छापील फॉर्म दिला, बाहेरच्या कामासाठी परवानगीचा अर्ज. आता हा फॉर्म कधीकाळी दुसरीकडे पार्टटाइम नोकरी करणाऱ्यांसाठी केलेला. पहिला रकाना "दुसऱ्या मालकाचे नाव व पत्ता". दुसरा "कामाची वेळ, पासून ते पर्यंत". तिसरा "मासिक मानधन". यातलं माझ्याकडे एकही नव्हतं. मी पहिला रकाना रिकामा सोडला, वेळेच्या जागी "शाळा सुटल्यावर व रविवारी" लिहिलं आणि दिला.

नवव्या दिवशी अर्ज परत. पहिल्या रकान्याभोवती लाल पेनने गोल. काका म्हणाले, "बाई, रकाना रिकामा चालत नाही." मी तिथेच उभ्याउभ्या "स्वतः" असं लिहिलं आणि परत दिला. सतराव्या दिवशी पुन्हा परत, यावेळी समासात टिपण, अर्जदार स्वतः मालक कसा. आता खरं सांगायचं तर इथे मी थांबून मुख्याध्यापक मॅडमना भेटायला हवं होतं, पण मी चिडले होते आणि चिडून एक चूक केली, त्या रकान्यात वेबसाईटचं नाव टाकून दिलं. झालं, आता तो अर्ज "शिक्षिका एका कंपनीत लागत आहेत" असा वाचला गेला आणि कंपनीचं पत्र आणा असं सांगण्यात आलं. साईटवर माल विकणाऱ्याला कोण पत्र देणार! तरी मी साईटला लिहिलं, तिकडून तयार साच्यातलं उत्तर आलं ज्याचा माझ्या प्रश्नाशी काही संबंध नव्हता. मधे काका रजेवर, मधे परीक्षा, मधे फाईल कोणाच्या तरी टेबलावर. मी रोज मधल्या सुट्टीत ऑफिसच्या दारातून डोकावून बघायचे, माझी हिरव्या दोरीची फाईल त्याच गठ्ठ्यात त्याच जागी, फक्त वरची उंची वाढत चाललेली. या काळात घरी संच तयार पडलेला होता आणि मला तो चढवता येत नव्हता, हाताला काम असून हात बांधलेले, हे फार वाईट वाटतं हो.

शेवटी ४४ व्या दिवशी मी सरळ मॅडमकडे गेले आणि म्हटलं की मॅडम, मी काय विकणार आहे ते एकदा डोळ्यांनी बघा. त्यांनी पाच दिवसांनी वेळ दिली, आणि हे मी त्यांच्याबद्दल चांगलंच बोलेन, पूर्ण अर्धा तास दिला. मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. त्यांना अपूर्णांकाची पट्टी आवडली पण. मग सोबत बसलेल्या एका सरांनी फाईलवर राईट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडल्या, आणि तिथे लेखक म्हणून आमच्या शाळेचं नाव.

खोलीत कोणीच काही बोललं नाही. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "हे तर शाळेचं दिसतंय."

माझ्या पोटात गोळा आला. घरी येऊन रात्री ४० च्या ४० फाईली तपासल्या. २६ वर शाळेचं नाव होतं. त्यातल्या ९ मी खरंच शाळेच्या कॉम्प्युटरवर, ऑफ तासाला बनवल्या होत्या. उरलेल्या १७ घरी, माझ्या लॅपटॉपवर, माझ्या झोपेच्या वेळेत केलेल्या, पण जुनी फाईल उघडून "सेव्ह ॲज" करून नवीन बनवायची सवय, आणि तसं केलं की लेखकाचं नाव जुन्या फाईलचंच राहतं. शाळेच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकताना युजरनेम म्हणून शाळेचं नाव दिलेलं होतं, ते पहिल्या फाईलवर बसलं आणि तिथून प्रत्येक पिल्लावर गेलं.

हे नाव पुसता येतं, वर्डमध्ये डॉक्युमेंट इन्स्पेक्ट करून दोन मिनिटांत जातं, आणि मला दोघांनी तसाच सल्ला पण दिला. मी केलं नाही. कारण मुद्दा नुसत्या नावाचा नाहीये. नोकरीचं काम म्हणून तुम्ही जे बनवता त्याचा कॉपीराइट बऱ्याच देशांत मालकाकडे जातो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. त्या ९ फाईली मी शाळेच्या वेळेत, शाळेच्या मशीनवर, शाळेच्या मुलांसाठी केल्या होत्या, त्या शाळेच्याच. त्या मी शाळेच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकून दिल्या आणि संचातून काढल्या, पट्टीचं पहिलं पान पण त्यातच गेलं, त्याचं फार वाईट वाटलं. १७ मी कोऱ्या फाईलवर पहिल्यापासून पुन्हा काढल्या, वेगळी चित्रं, वेगळी उदाहरणं, नऊ रात्री लागल्या. संच ४० वरून ३१ वर आला.

आणि मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते ६० व्या दिवशी केलं. फॉर्मसोबत एक पानाचं निवेदन जोडलं. मी हे साहित्य शाळेच्या वेळेबाहेर, स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या ईमेलवरून तयार करते. शाळेचं नाव, लोगो, इमारतीचा फोटो कुठेही वापरणार नाही. कोणत्याही विद्यार्थ्याचं नाव, फोटो, हस्ताक्षर, मार्क यात नाहीत. माझ्या वर्गातल्या पालकांना विकणार नाही, माझ्या वर्गाला हेच साहित्य मी फुकट वापरेन. सोबत दोन नमुना पानं आणि फाईलींची तारखांसह यादी. मालकाच्या रकान्यात लिहिलं "लागू नाही, निवेदन पहा". खाली एक ओळ, परवानगी देता येत नसेल तर कारण लेखी मिळावं. ही ओळ नम्रपणे लिहा पण लिहाच, माझं मत आहे की फाईल हलली ती या ओळीने. आणि हो, पोच घ्या, दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख, मी पहिल्या दोन वेळा घेतली नव्हती आणि "आम्हाला अर्ज मिळालाच नाही" हे पण ऐकून झालं.

७१ व्या दिवशी काकांनी स्वतः वर्गाच्या दारात येऊन कागद दिला. सही, शिक्का, मुदत एक वर्ष, दरवर्षी नूतनीकरण. मी व्हरांड्यातच त्याचा फोटो काढला आणि आईला पाठवला, मला रडूच आलं.

त्याच रात्री संच साईटवर चढवला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, साईट विचारते तसं भरत जायचं. फक्त साईटवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरन् अक्षर सारखं ठेवा.

आता जे आठवेल तसं. इंटरनेटवरून घेतलेल्या चित्रांचं लायसन्स बघा. क्रिएटिव्ह कॉमन्स लिहिलेलं दिसलं की सगळं मोफत असं नाही, ज्यात एनसी ही अक्षरं आहेत ते विकायच्या वस्तूत चालत नाही, नुसतं बीवाय असेल तर चालतं पण चित्रकाराचं नाव द्यावं लागतं. वर्गात वापरलेलं चित्र विकायच्या पानात तसंच जातं आणि आपल्या लक्षात येत नाही, माझ्याकडून तीन ठिकाणी गेलं होतं. फॉन्टचं पण तसंच. मी 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट वापरला, तो ओपन फॉन्ट लायसन्सवर आहे, विकायच्या पानात बिनधास्त वापरता येतो आणि लहान मुलांना जोडाक्षरं स्वच्छ दिसतात.

उत्तरांचं पान द्याच. माझ्या संचाला पहिले जे प्रश्न आले त्यातले निम्मे उत्तरसूची आहे का हेच होते. रंगीत पान सुंदर दिसतं पण शाळांमध्ये झेरॉक्स काळीपांढरी निघते, म्हणून एकदा काळ्यापांढऱ्यात प्रिंट काढून बघा, माझी लाल आणि हिरवी पट्टी त्यात अगदी एकसारखी करडी आली होती, दोन्ही बदलून एक ठिपक्यांची आणि एक रेषांची केली.

मिळकत लपवू नका, पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न म्हणून टॅक्सच्या विवरणात दाखवा, पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख-रक्कम लिहीत गेलात तर वर्षाच्या शेवटी शोधाशोध होत नाही. आणि नोकरीचा करार काढून वाचा, मी सहा वर्षं नोकरी करून तो पहिल्यांदा ५० व्या दिवशी वाचला.

पहिल्या महिन्यात संच चौघांनी घेतला. सहाव्या महिन्यापासून पैसे नियमित येतात, पगाराच्या मानाने थोडे, पण माझ्या रात्रींचे आहेत. एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या वर्गात १/४ मोठा म्हणणारी मुलं संचातल्या पट्ट्यांच्या पानानंतर गप्प होऊन पट्ट्या पुन्हा पुन्हा बघायला लागली. ते वाचून मी त्या दिवशी नवीन संच सुरू केला, अपूर्णांकांच्या बेरजेचा.

परवा विज्ञानाचे नवीन सर माझं निवेदन मागायला आले, त्यांना प्रयोगांच्या कृतिपत्रिका विकायच्यात. मी प्रत दिली आणि म्हटलं की सर, आधी एक फाईल उघडा, राईट क्लिक करा, प्रॉपर्टीज बघा. शाळेचंच नाव निघालं. मग आम्ही दोघं शाळा सुटल्यावर बसून त्यांच्या सगळ्या फाईलींची यादी केली, कुठली कुठे बनवली, कधी बनवली. अर्ज ते सोमवारी देतायत, फॉर्म अजून तोच आहे.