मंटोची बाटली किती दाखवायची?

उर्दू कथाकार सआदत हसन मंटोवर एकपात्री करू पाहणारे हमखास एक गोष्ट विचारतात: त्याची दारू आणि वेड्यांच्या इस्पितळातले दिवस किती दाखवायचे? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, जितकं कमी तितकं बरं. दारूनं मंटोला बेचाळिसाव्या वर्षी संपवलं, १८ जानेवारी १९५५ रोजी, लाहोरात. पण रंगमंचावर उभा करायचा आहे तो लिहिणारा मंटो. तो निसटला तर उरतो फक्त झिंगलेला माणूस, आणि तसा कुणाचाही दाखवता येतो.

पहिली चूक कालक्रमाची. १९१२ साली समराळ्यात जन्म, १९३६ मध्ये मुंबई, मग दिल्ली रेडिओ, पुन्हा मुंबई, १९४८ मध्ये लाहोर, असं ओळीनं सांगत गेलात की शाळेतला धडा होतो. त्यापेक्षा एकच दिवस निवडा. माझी पसंती ऑगस्ट १९५४ मधल्या त्या दिवसाला, ज्या दिवशी त्यानं स्वतःच्या थडग्यावरचा मजकूर लिहिला. थोर कथाकार कोण, आपण की देव, हा प्रश्न तो त्यात विचारतो. गुर्मी आणि हार एकाच वाक्यात! भायखळा, फिल्मिस्तान स्टुडिओ, जिवलग मित्र नट श्याम, अशोककुमार हे सगळं त्या दिवसात आठवण म्हणून येऊ शकतं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: तो बोलतोय कुणाशी? मंटोच्या बाबतीत उत्तर तयार आहे, कोर्टाशी. त्याच्यावर अश्लीलतेचे सहा खटले झाले, तीन फाळणीआधी, तीन नंतर. ‘ठंडा गोश्त’ या कथेच्या खटल्यात खालच्या कोर्टानं ३ महिने सक्तमजुरी आणि ३०० रुपये दंड ठोठावला, सेशन्स कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं पुन्हा दंड केला. कवी फैज अहमद फैज यांनी साक्षीत कथा अश्लील नाही म्हटलं, पण ती उच्च साहित्याच्या कसोटीला उतरत नाही असंही म्हटलं. निकालापेक्षा या साक्षीवर थांबा. वैऱ्यानं दिलेली शिक्षा आणि आपल्या माणसानं केलेलं मोजमाप, यांतलं दुसरं नटाला खूप काही देतं.

न दिसणाऱ्या माणसांच्या जागा तालमीच्या पहिल्याच आठवड्यात पक्क्या करा. मॅजिस्ट्रेट बाल्कनीच्या कठड्यावर, बायको सफिया उजव्या विंगेत, तिन्ही मुली गुडघ्याच्या उंचीवर. नजर वीतभर घसरली तरी प्रेक्षकाला दुसरंच माणूस दिसतं. आणि समोरच्याचं वाक्य उलटून बोलायची सवय काढून टाका. ‘काय म्हणालात, मी समाज बिघडवतो?’ असं दोनदा आलं की कारागिरी उघडी पडते. उत्तरातूनच प्रश्न कळला पाहिजे.

आपण कथा कशी लिहितो यावर मंटोनं स्वतः लिहिलंय: सोफ्यावर बसून, मुलींचा गोंधळ चालू असताना, त्यांची भांडणं मिटवत, स्वतःसाठी सॅलड करत. हा प्रसंग सोडू नका, दहा मिनिटं द्या. काकडी खरी कापा, कागदावर खरंच लिहा. हवेत पेन फिरवलं की लिखाण खोटं वाटतं. कुर्त्यावर लेपल माइक असेल तर कागद छातीपासून लांब ठेवा, नाहीतर खरखरीत शब्द बुडतात.

संहिता ७,००० शब्दांच्या आत ठेवा. विराम धरून मिनिटाला ९० ते १०० शब्द होतात, म्हणजे ७५ मिनिटं. दहा हजार शब्द घेऊन उभं राहिलात की शेवटचा तिसरा भाग धावत उरकावा लागतो, आणि नेमका तिथेच मंटो थकलेला असतो.

आता दारू. प्यायलेला माणूस शुद्धीत दिसायला धडपडतो, ती धडपड करा. जीभ जड केली तर संवाद कळत नाहीत. शब्दाआधी किंचित थांबा, पेला ठेवण्याआधी टेबलाची कड चाचपा, एवढं पुरे. पेल्यात कोरा चहा, तोही दोन-तीन घोट. एकपात्रीत मधे विंगेत जायची सोय नसते. दारू सोडवण्यासाठी झालेल्या इस्पितळातल्या मुक्कामाला दोन मिनिटं द्या आणि तिथे त्याच्या ‘टोबा टेकसिंग’ कथेतल्या वेड्या बिशनसिंगची बडबड मंटोच्या तोंडी घालू नका. ते पात्र त्यानं पूर्ण हिशेबानं रचलंय; ती बडबड त्याचीच दाखवणं हा त्याच्या कारागिरीवर अन्याय आहे.

हक्कांचं म्हणाल तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ते संपतात, मंटोचे २०१५ अखेर संपले. मराठी अनुवादाचे हक्क मात्र अनुवादकाचे वेगळे असतात, तेव्हा लेखी परवानगी घ्या किंवा मूळ उर्दूवरून स्वतः करा. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडे जाते. कथांचे जे उतारे वाचणार आहात ते तिथे शब्दशः द्या, ‘इथे उतारा’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका.